मोअर नावाचा माणूस

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बड्या घरांच्या बागांमध्ये गवत कापायचं काम उजाडायच्या आत सुरू होई. कारण दव. ओलं पातं जड आणि ताठ असतं, लांब दांड्याच्या विळ्याच्या एका फटक्यात ते साफ तुटतं. ऊन चढलं की तेच गवत मलूल होऊन विळ्यापुढे नुसतं आडवं होतं. म्हणून पहाटे गडी ओळीनं उभे राहत. एकजण थोडा पुढे, त्याच्या मागे तिरका दुसरा, मग तिसरा. कंबर वळवून, विळा जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवत ते पुढे सरकत. दर काही पावलांवर थांबून पात्याला दगड लावायचा आणि पुन्हा फटका. मागून झाडू आणि दाताळी घेतलेली माणसं कापलेलं गवत गोळा करत यायची. चांगल्या गड्यानं दिवसाला एक एकर कुरण कापावं अशी अपेक्षा असे. आपल्याकडे जमीन नांगरावर मोजत, तशी तिकडच्या काही भागांत ती एका दिवसाच्या कापणीवर मोजली जाई आणि त्या मापाला ‘डे-मॅथ’ म्हणत.

हे काम करणाऱ्या गड्याला म्हणायचं ‘मोअर’.

आज इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही ‘मोअर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते यंत्र. पेट्रोलवर घरघरणारं किंवा हातानं ढकलायचं, पण यंत्रच. माणसाचं नाव यंत्राला कसं लागलं, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि ती बागेत नाही, एका लोकरीच्या गिरणीत सुरू होते. पण त्याआधी शब्दांकडे बघायला हवं.

‘मो’ म्हणजे कापणं, हे क्रियापद इंग्रजीत हजार वर्षांहून जुनं आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘मावन’ असं होतं, आणि जर्मनमध्ये आजही त्याचा भाऊ ‘मेहेन’ नांदतो. या घराण्यातली माणसं ओळखू न येण्याइतकी दूर पांगली आहेत. ‘मेडो’ म्हणजे कुरण, जे कापलं जातं ते. आणि ‘आफ्टरमॅथ’! युद्धानंतरची वाताहत, भूकंपानंतरचे हाल, अशा अर्थानं हा शब्द रोज बातम्यांत येतो. त्यातला ‘मॅथ’ म्हणजे कापणी, डे-मॅथमधला तोच. एकदा कुरण कापल्यावर त्याच मुळांतून पुन्हा जे गवत फुटतं ते आफ्टरमॅथ. म्हणजे आपला उसाचा खोडवा. खोडव्याचा अर्थ पुढे विध्वंसाशी कसा जोडला गेला हे इंग्रजांनाच ठाऊक. आपल्या शेतकऱ्याला खोडवा आला तर आनंदच होतो.

मोअरच्या हातातल्या विळ्याचं नाव ‘साइद’. त्याच्या स्पेलिंगमध्ये एसनंतर एक सी उगाच येऊन बसला आहे, त्याचा उच्चार होत नाही. जुन्या इंग्रजीत तो नव्हताच. मुळात हा शब्द कापणं या अर्थाच्या धातूपासून आलेला, अस्सल जर्मानिक कुळातला. पुढे लॅटिन शिकलेल्या मंडळींना वाटलं की याचा संबंध कापण्याच्याच अर्थाच्या एका लॅटिन शब्दाशी असणार, आणि त्यांनी स्पेलिंग ‘सुधारलं’. शेतकऱ्याच्या अवजाराला पंडितांनी लावलेलं हे जानवं आजतागायत तसंच आहे.

‘लॉन’ची कहाणी आणखी मजेची. जुन्या फ्रेंचमध्ये ‘लांद’ म्हणजे उजाड माळ, झुडपी रान. इंग्रजीत तो ‘लाँड’ होऊन आला तेव्हा अर्थ होता जंगलातली मोकळी जागा. सोळाव्या शतकात शेवटचा ‘ड’ गळाला, आणि अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरापुढची कापून गुळगुळीत ठेवलेली हिरवळ असा अर्थ स्थिरावला. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवर ‘अमुक अमुक लॉन्स’ असा पत्ता असतो आणि आत गेल्यावर पायाखाली बहुधा मुरमावर अंथरलेली हिरवी जाजमं लागतात, तेव्हा शब्द फिरून आपल्या मूळ माळावर आला असंच म्हणावं लागेल. लॉन नावाचं तलम कापडही आहे, पण तो शब्द वेगळा. उत्तर फ्रान्समधल्या लाँ या गावाच्या नावावरून तो आला असं मानतात. गवताचं लॉन आणि कापडाचं लॉन यांचं नातं नाही. मात्र गवत कापायचं यंत्र जन्मलं ते कापडाच्याच पोटी.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. भोवतीच्या अरुंद दऱ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या, आणि त्या चक्क्यांवर लोकरीच्या गिरण्या. स्ट्राउडचं लाल कापड प्रसिद्ध होतं. ब्रिटिश सैनिकांचे लाल कोट त्याचे शिवले जात, आणि ईस्ट इंडिया कंपनीही या भागातली बनात जहाजं भरून पूर्वेकडे पाठवी. मराठी कागदपत्रांत ‘सकलाद’ म्हणून जे उंची विलायती लोकरी कापड येतं, ते याच जातीचं. सकलाद हा शब्द फारसीतून आला, आणि इंग्रजी ‘स्कार्लेट’चा उगमही त्याच फारसी शब्दात शोधतात. बिलियर्डच्या टेबलावर ताणून बसवतात ते हिरवं कापडही स्ट्राउडचं. हा हिरवा रंग लक्षात ठेवावा.

लोकरीचं कापड विणून, कुटून, ओलं करून झालं की त्यावर लव उभी राहते. ती सारखी कातरली तरच कापड तुळतुळीत दिसतं. हे काम पूर्वी अवजड हातकात्र्यांनी होई. काही कात्र्या वीस-वीस किलोच्या घरात जात, आणि त्या चालवणारे कारागीर आपल्या कसबाची चांगली मजुरी घेत. कातरणी यंत्रं आली तेव्हा पहिले पेटून उठले ते हेच. १८०२ मध्ये विल्टशायरमध्ये आणि १८१२ मध्ये यॉर्कशायरमध्ये त्यांनी यंत्रं फोडली, गिरण्या जाळल्या. लडाइट म्हणून इतिहासात जे बंडखोर गाजले, त्यांत या कात्रीवाल्यांचा मोठा भरणा होता. बंड चिरडलं गेलं, यंत्रं राहिली. १८१५ मध्ये स्ट्राउडजवळच्या ब्रिमस्कोंबच्या जॉन लुइसनं सुधारलेलं कातरणी यंत्र काढलं. त्यात एका फिरत्या नळकांड्यावर मळसूत्रासारखी वळलेली पाती असत. खाली एक स्थिर पातं, वर गरगर फिरणारी ही पाती, आणि मधून सरकणारं कापड. लव छाटून निघे, कापडाला ओरखडाही उठत नसे.

अशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांत एडविन बडिंग होता. जन्म १७९६, गाव ईस्टिंग्टन. शिक्षण बेताचं, पण हात आणि नजर दोन्ही तयार. गिरणीतलं नळकांडं पाहताना त्याला वाटलं असावं की लव आणि गवत यांत फरक तो काय? कापड यंत्रातून सरकवण्याऐवजी यंत्रच जमिनीवरून सरकवलं तर? इतिहासात ‘त्याला वाटलं’ असं लिहिताना जपावं लागतं, कारण बडिंगनं डायरी मागे ठेवलेली नाही. पण त्यानं बनवलेलं यंत्र बघितलं की दुसरं काही मनात येत नाही. ते कातरणी यंत्रच आहे, फक्त चाकांवर चढवलेलं.

ते असं होतं. लोखंडाची चौकट. मागे एक जाड रूळ, जो जमिनीवरून फिरे आणि गवत दाबून सपाटही करी. त्या रुळाला दातेरी चाकं जोडलेली, आणि त्यांच्या जोरावर पात्यांचं नळकांडं रुळाच्या कितीतरी पट वेगानं फिरे. कापण्याची रुंदी १९ इंच. आणखी एका लहान रुळानं गवताची उंची कमीजास्त करता येई. कापलेलं गवत उडून पुढच्या ट्रेमध्ये पडे, म्हणजे झाडूवाले नकोत. मागे एक मूठ ढकलायला आणि पुढे एक ओढायला, कारण एकट्याला ते रेटणं जड जाई. बडिंगनं ते म्हणे रात्री चालवून पाहिलं, लोकांनी वेड्यात काढू नये म्हणून. ही गोष्ट स्ट्राउडमध्ये सगळे सांगतात. खरी असेल-नसेल, पण लोखंडी दातेरी चाकांचा त्या यंत्राचा खडखडाट अर्ध्या गावाला ऐकू गेला असणार, तेव्हा लपवाछपवीचा उपयोग किती झाला असेल कोण जाणे.

बडिंगकडे कल्पना होती, पैसा नव्हता. पैसा होता जॉन फेराबी याच्याकडे. थ्रप इथं त्याचा फीनिक्स नावाचा लोखंडाचा कारखाना होता. मे १८३० मध्ये दोघांत करार झाला. खर्च फेराबीचा आणि यंत्र बनवायचे, विकायचे, दुसऱ्यांना परवाना द्यायचे हक्कही त्याचेच. ३१ ऑगस्ट १८३० ला पेटंट मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस केंटमध्ये शेतमजुरांनी मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली. पाठोपाठ दक्षिण इंग्लंडभर वणवा पेटला तो ‘स्विंग दंगली’ नावानं ओळखला जातो. गवत कापायच्या या यंत्रावर मात्र कुणी हातोडा उचलला नाही. मळणी हिवाळ्यातल्या पोटाची होती, हिरवळ साहेबाच्या डोळ्यांची.

पेटंटच्या मजकुरात बडिंगनं (किंवा त्याच्या वकिलानं) विक्रेत्याची भाषा वापरली आहे. सावलीतलं लुसलुशीत गवत विळ्यापुढे उभं राहत नाही, ते हे यंत्र कापील. उत्तमातला उत्तम ‘मोअर’ सुद्धा विळ्यानं हिरवळीवर जे गोल वण आणि टकलं ठिपके ठेवतो, ते यापुढे डोळ्यांत खुपणार नाहीत. आणि गावाकडच्या सभ्य गृहस्थांनी ते स्वतः चालवावं, करमणूक होईल, व्यायाम होईल. यातल्या दुसऱ्या वाक्यात मोअर म्हणजे अजून माणूसच आहे, आणि त्याच वाक्यात त्याची नोकरी जाते आहे. यंत्राला बडिंग ‘मशीन’ म्हणतो, फार तर ‘गवत कातरायची यंत्ररचना’. नाव अजून माणसाकडेच होतं.

पहिल्या काही यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत गेलं. तिथल्या मुकादमानं शेरा दिला की हे यंत्र विळे-झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचं काम करतं आणि मागे खूणही ठेवत नाही. फेराबीनं तो शेरा जाहिरातीत वापरला. किंमत लहान यंत्राला ७ गिनी, मोठ्याला १०. लहान साहेबानं स्वतः चालवायचं, मोठं नोकरांसाठी. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कारखान्यानं परवाना घेतला आणि धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला.

बडिंगच्या हाती यातलं फारसं लागलं नाही. तो पुढे डर्स्ली गावी जॉर्ज लिस्टरच्या कारखान्यात गेला, त्यानं एक सुधारित पाना काढला, आणि १८४६ मध्ये पन्नाशीत वारला. या लिस्टरचाच मुलगा रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर. त्यानं १८६७ मध्ये काढलेल्या कंपनीची डिझेल इंजिनं पुढे हिंदुस्थानभर विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत बसली. ‘लिस्टरचं इंजिन’ म्हणून ज्याची डुगडुग ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या, तेच हे घराणं.

बडिंगनंतरचे लोक यंत्राला मोठं करण्यामागे लागले. स्कॉटलंडमधल्या आरब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सनं १८४२ मध्ये तट्टू जुंपायचं रुंद यंत्र काढलं. टापांनी हिरवळीत खड्डे पडू नयेत म्हणून तट्टाला चामड्याचे बूट घालत. चार पायांत चार बूट घालून संथ चालणारं तट्टू हे त्या काळच्या बागांतलं नेहमीचं दृश्य होतं. आता इंग्रजीत ‘शँक्सचं तट्टू’ असा वाक्प्रचार आहे. अर्थ आपली अकरा नंबरची बस, म्हणजे पायी. कुणीतरी दोन्ही जोडून सांगितलं की शँक्सच्या यंत्रामागे माणसाला चालावं लागे, म्हणून हा वाक्प्रचार. ऐकायला छान आहे, पण चूक. ‘शँक’ म्हणजे नडगी, आणि ‘नडग्यांचं घोडं’ ही थट्टा स्कॉटलंडमध्ये शँक्सच्या यंत्राच्या शंभर वर्षं आधीपासून चालत होती. व्युत्पत्तीच्या बाबतीत गोष्ट जितकी गोंडस, तितका संशय जास्त घ्यावा.

लीड्सच्या टॉमस ग्रीननं १८५९ मध्ये दातेरी चाकांऐवजी साखळी वापरली. खडखडाट कमी झाला, म्हणून त्यानं यंत्राचं लॅटिन नाव ठेवलं ‘सायलेन्स मेसोर’, मुका कापणीवाला. यातला ‘मेसोर’ आणि इंग्रजी ‘मोअर’ एकाच प्राचीन धातूचे मानले जातात. म्हणजे ग्रीननं यंत्राला नाव दिलं ते माणसाचं, फक्त रोमन वेशात. एव्हाना बडिंगचं पेटंट संपलं होतं, बाजारात अनेक कारखाने उतरले होते आणि गिऱ्हाईकही बदललं होतं. रेल्वेच्या कडेनं उपनगरं वाढत होती. तिथल्या कारकुनाला, डॉक्टरला, वकिलाला घरापुढे हातरुमालाएवढी का होईना, हिरवळ हवी होती, आणि विळेवाल्यांची ओळ त्याला परवडणारी नव्हती. त्याला बडिंगचा ‘व्यायाम’ करावाच लागला. साधारण याच सुमाराला, शतकाच्या मध्यावर, ‘लॉन-मोअर’ हा जोडशब्द यंत्रासाठी रूढ झाला. आधी म्हणत ‘मोइंग मशीन’. मशीन गळालं, मोअर राहिला.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. लंडनच्या लॉर्ड्सवर तेव्हा सामन्याआधी मेंढरं सोडून गवत खुडवत. तिथं एकदा गवत कापायचं यंत्र दिसल्यावर रॉबर्ट ग्रिम्स्टन हा जुना क्रिकेटवेडा इतका भडकला, की रस्त्यावर काम करणारे मजूर कुदळींसह बोलावून त्यानं ते फोडून टाकलं, असा किस्सा आहे. लडाइटांची परंपरा अशी एका उमरावानं चालवली! १८६४ मध्ये लॉर्ड्सनं पहिला पगारी मैदान-राखणदार नेमला आणि मेंढरांचे दिवस संपले. पुढची पंधरा वर्षं पाहण्यासारखी आहेत. १८६८ मध्ये विम्बल्डनचा क्रोके क्लब निघाला. १८७४ मध्ये मेजर विंगफील्डनं हिरवळीवरच्या टेनिसचं पेटंट घेतलं. १८७७ मध्ये त्या क्लबनं पहिली टेनिस स्पर्धा भरवली, ती म्हणे तट्टानं ओढायचा रूळ दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून. यंत्रानं हे खेळ जन्माला घातले असं म्हणणं अतिशयोक्त होईल. पण चेंडू जमिनीलगत सरळ घरंगळावा किंवा टप्पा घेऊन नेमका उसळावा, तर गवत सगळीकडे सारखं हवं, बिलियर्डच्या टेबलासारखं. स्ट्राउडमध्ये ज्या युक्तीनं टेबलावरचं हिरवं कापड कातरत, त्याच युक्तीनं मैदान कातरलं जाऊ लागलं होतं.

१८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स समनरनं वाफेवर चालणारं यंत्र काढलं. अवजड, आणि वाफ धरेपर्यंत दुपार व्हायची. १९०२ मध्ये रॅन्समनं पेट्रोलचं यंत्र बाजारात आणलं, मग वाफ आपसूक मागे पडली.

मोअर या नावाचं स्थलांतर पुरतं झालं हे कवितेत दिसतं. सतराव्या शतकात अँड्र्यू मार्व्हेलनं मोअरच्या तोंडी कविता लिहिल्या. ‘द मोअर अगेन्स्ट गार्डन्स’ या त्याच्या कवितेत विळेवाला गडी नटव्या बागांवर तोंडसुख घेतो. मार्व्हेल हल शहराचा खासदार होता. तीनशे वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच हलमध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल असलेल्या फिलिप लार्किननं ‘द मोअर’ नावाची कविता लिहिली. तिच्यात मोअर म्हणजे यंत्र. त्याच्या पात्यांत एक साळूसारखा छोटा काटेरी जीव सापडून मेला आहे आणि माणूस बाजूला खजील उभा आहे. गाव एक, शब्द एक. मधल्या काळात त्या शब्दातून माणूस बाहेर पडला.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हिरवळीची हौस आणली तेव्हा तट्टाच्या जागी बैल आले आणि विलायती गवताच्या जागी आपली हरळी. शेतकरी जिला शिव्या घालत खणून काढतो आणि जिची कोवळी पाती गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, तीच हरळी जिमखान्यांवर मुद्दाम लावली गेली. आणि इथंही एक मनुष्यरूपी शब्द होता, ‘ग्रास-कटर’. साहेबाच्या घोड्यामागे मोतद्दार असेच, पण घोड्यासाठी रोज गवत आणणारा आणखी एक माणूस लागे, तो ग्रास-कटर. १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ या कोशात या शब्दाची स्वतंत्र नोंद आहे. कोशकारांना तर वाटत होतं की हा शब्द इंग्रजी नसून कुठल्या तरी देशी ‘घासकाट्या’चा अपभ्रंश आहे. घोडे गेले, मोतद्दार गेले, ग्रास-कटरही गेला.

तो परत आला ते यंत्र होऊन. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला १९७१ मध्ये गाडी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून सुचलं की लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी गरगरा फिरवली तर झाडाच्या बुंध्याशी अडलेलं गवतही कापता येईल. मासेमारीच्या दोरीचे तुकडे एका पत्र्याच्या डब्याला अडकवून त्यानं पहिला प्रयोग केला. बडिंगला कापडाची गिरणी, बॅलसला गाडी धुण्याची जागा. दोघांनाही गवताबद्दलची अक्कल गवताबाहेर मिळाली. त्याच जातीचं, कधी दोरी तर कधी पातं लावायचं, खांद्याला अडकवून चालवायचं पेट्रोलचं यंत्र आज कोकणात घरोघरी आहे आणि त्याला सगळे ‘ग्रास कटर’ म्हणतात. पाऊस ओसरला की आंब्याच्या बागांत बेणणीला त्याचीच घरघर.

गेल्या आश्विनात आमच्या बागेतलं गवत कंबरेपर्यंत आलं होतं. यंत्र घेऊन येणाऱ्या गड्याची दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी गडग्यावरून निरोप दिला, “आज नको वाट बघू. कटर नाही यायचा, ताप भरलाय त्याला.”